मदत हवी आहे : वसुलीचे फोन शाळेच्या कार्यालयापर्यंत पोहोचले आहेत

पारिजात (धागाकर्ती) : गेले तीन आठवडे वसुलीवाल्या दोन माणसांचे फोन सकाळी साडेसहापासून सुरू होतात. परवा त्यांनी मी शिकवते त्या शाळेत फोन करून ‘तुमच्या बाई कर्जबुडव्या आहेत’ असे लिपिकाला सांगितले आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतले. कर्ज माझे नाही. शनिवारी घरी येऊन ‘पोलिसांकरवी उचलून नेऊ’ अशी धमकी आहे. त्याआधी काय करावे तेवढेच सांगा, उपदेश नको.

जुना कारकून : तुमचे नाही, तर कोणाचे? बँकेचे, ॲपवरचे की आणखी कशाचे? आणि तुमची सही कुठे आहे का?

मुठाकाठ : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही आणि नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. माझ्या क्रेडिट कार्डाच्या वेळी मी बँकेला लेखी तक्रार दिली. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

जुना कारकून : शनिवार ३० दिवसांनी येणार आहे का? आधी संस्था कोणती ते कळू द्या.

देवगडकर : घर तारण असेल तर सरफेसी, म्हणजे तारण मालमत्तेतून वसुलीच्या, कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

पारिजात : घराचा संबंध नाही. कर्ज दिरांचे, पतसंस्थेचे, तीन लाखांचे. जामीनदार म्हणून माझी सही आहे, पण त्यातला एक पैसाही मी पाहिलेला नाही.

जुना कारकून : ताई, हे पहिल्याच ओळीत हवे होते. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, त्यामुळे लोकपालाचा रस्ता इथे बंद. संस्थेला वसुली करायचीच असेल तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवावा लागतो आणि त्या सुनावणीत तुम्हाला म्हणणे मांडता येते. नोटिशीचा लिफाफा मात्र परत पाठवू नका. मी पतसंस्थेत असताना निम्मे जामीनदार तिथेच चुकत. थकबाकीसाठी पोलीस कोणाला उचलत नाहीत.

मुठाकाठ : सरसकट असे सांगू नका. धनादेश न वटल्यास कलम १३८ चा खटला फौजदारी असतो. कोरे धनादेश दिले होते का?

पारिजात : दोन दिले होते, दिरांचे. माझा नसावा.

जुना कारकून : ‘नसावा’ चालणार नाही, संस्थेकडे लेखी विचारा.

तालुका कचेरी : मी रोज अशी कागदपत्रे करते. उद्याच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ चा, म्हणजे धमकीचा, उल्लेख करा आणि फोनच्या वेळा तारखेनिशी लिहा. बहुधा अदखलपात्र नोंद घेतील, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी. तिची प्रत मागून घ्या. अर्जाची एक प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना आणि एक संस्थेला स्पीड पोस्टाने पाठवा. संस्थेच्या पत्रात खातेउतारा आणि त्या दोघांची नावे मागा. लिपिकाने ऐकलेले शब्द आजच लिहून घ्या. शनिवारी ते दारात आलेच, तर ११२.

पारिजात : लिपिक लिहून द्यायला तयार आहेत. दिरांना न कळवता हे करता येईल का?

जुना कारकून : येईल. पण स्पीड पोस्टाची पोचपावती घरीच येणार, तेव्हा पत्ता शाळेचा द्या किंवा आज रात्रीच त्यांच्याशी बोलून घ्या.