केल्पचं एवढं कौतुक कशासाठी?

देशपांडेकाका: मुलाकडे सॅन होजेला आलोय. काल माँटेरेच्या किनाऱ्यावर तपकिरी, चिकट वेलींचे ढीग पडलेले, वर माशा घोंघावताहेत. मुलगा म्हणे हे केल्प, समुद्रात ह्याचं जंगल असतं. शेवाळाचं जंगल? आणि ते गेलं तर एवढं काय बिघडतं?

खारंपाणी: काका, पुढच्या वेळी नाक मुठीत धरून एक वेल उचला. प्रत्येक पातीच्या देठाशी लांबट फुगा दिसेल, दाबला की फट्ट वाजतो. ह्या फुग्यांच्या जोरावर ती तळापासून शंभर फूट सरळ उभी राहते. मुळं नाहीतच. तळाशी नुसता गुंतवळा खडकाला घट्ट धरून असतो, त्याच्या फटींत खेकड्यांची वस्ती. अन्न पाण्यातूनच घेते, म्हणून पाणी थंड आणि कसदार लागतं. तसं मिळालं तर दिवसाला दोन फूटही वाढते. मी इथे डाइव्हिंग करते. वर पात्यांचं छत, खाली सोनेरी उजेड, पात्यांआड रॉकफिशची पिल्लं. छत गेलं की पिल्लांचा आडोसाही गेला.

मुळावर उठतात ते जांभळे सी अर्चिन, म्हणजे तळावर सरपटणारे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी. बुंधा कुरतडला की अख्खी वेल वाहून जाते. त्यांना खाणारा मोठा सनफ्लॉवर तारामासा 2013 पासून रोगाने झडून गेला, पाठोपाठ 2014 ते 2016 समुद्र तापला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचं 90 टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. केल्पवर जगणाऱ्या अबलोनी (मोठ्या समुद्री गोगलगायी) उपाशी मेल्या, 2018 मध्ये त्या पकडायला बंदी आली. माँटेरेला मात्र जंगलाचे तुकडे टिकले, कारण इथे अर्चिन खाणारी समुद्री पाणमांजरं आहेत. उत्तरेची माणसांनी फरसाठी केव्हाच संपवली.

देशपांडेकाका: मग उत्तरेला नेऊन सोडा की चार पाणमांजरं!

खारंपाणी: सगळ्यांना हेच सुचतं, पण उजाड तळावरचे अर्चिन पोकळ असतात. फोडला तर आत खाण्याजोगं जवळपास काही नाही, तरी मेले वर्षानुवर्षं जगतात. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नाही, ऊब टिकवायला रोज वजनाच्या पाव हिस्सा खावं लागतं. रिकामं कवच फोडत बसणं त्याला परवडत नाही. ते केल्पमधले भरलेले अर्चिन खातं. त्यामुळे आहे ते जंगल राखतं, गेलेलं आणून देत नाही. माँटेरेजवळच्या टँकर्स रीफ ह्या खडकाळ भागात तर डाइव्हर हातोड्या घेऊन अर्चिन फोडत होते. मला विचाराल तर काम कंटाळवाणं, पण दुसरा झटपट इलाज दिसत नाही.

मालवणी_मासोळी: आपल्याकडे असतं का हो हे?

खारंपाणी: नाही, आपलं पाणी त्याला गरम पडतं. मालवणच्या खडकांवर सरगॅसम मिळेल, त्यालाही बारीक फुगे असतात. पण जंगल म्हणण्याइतकी उंची नाही.

काका, पाणमांजरं बघायची तर मॉस लँडिंगला जा. दुर्बीण न्या, आणि जाकीट विसरू नका, उन्हाळ्यातही तिथे गारठा असतो.