सी भाषेतील ईनम: प्रकार की नुसती नावे?

बिटमोडे (मूळ धागा)
‘ईनम वापरले की सीमध्ये चुकीचे मूल्य शिरूच शकत नाही,’ असे ठाम विधान काल एका लेखात वाचले आणि राहवले नाही. ईनम म्हणजे ठरावीक पूर्णांकांना नावे देऊन केलेली यादी; अशा तीन नावांच्या ईनममध्ये ४२ भरा. सी++ तिथेच अडवते, सीमध्ये मात्र जीसीसी हा कंपायलर ‘वॉल’ हा इशाऱ्यांचा पर्याय लावूनही हूं की चूं करत नाही. ऋण मूल्य नसेल तर तो सहसा अनसाइन्ड इंट (ऋण होऊच न शकणारा पूर्णांक) निवडतो, त्यामुळे चल एकेकाने कमी करत ‘शून्य किंवा अधिक’ ही अट तपासणारा लूप थांबतच नाही. याला सुरक्षा म्हणायचे का?

अर्धविराम
मग काय, डिफाइनच्या, म्हणजे आकड्याला नुसते नाव देणाऱ्या ओळींच्या, रांगा लावायच्या? डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) आकड्याऐवजी नाव दिसते आणि नवे नाव वाढवल्यावर स्विचमध्ये (मूल्यागणिक वाट निवडणाऱ्या रचनेत) राहिलेली केस ‘वॉल’ दाखवतो, हे काय कमी आहे? फक्त डिफॉल्ट, म्हणजे उरलेल्या सगळ्या मूल्यांसाठीची वाट, लिहू नये.

शून्यसूचक
डिफॉल्ट लिहू नये, हा सल्ला ज्याने सिरियल पोर्टवरून, म्हणजे बाहेरच्या यंत्राच्या तारेवरून, आलेला कचरा कधी पाहिला नाही तोच देऊ शकतो. डिफॉल्ट ठेवा आणि ‘स्विच-ईनम’ हा इशारा चालू करा. तो डिफॉल्ट असतानाही सुटलेली केस सांगतो.

अर्धविराम
शंभर नावांपैकी दोनच हवी असताना उरलेल्या अठ्ठ्याण्णव केस आपण येऊन लिहिणार का? बाहेरचा आकडा आत घेतानाच तपासावा, हे सांगायला सिरियल पोर्ट पाहावा लागत नाही.

शून्यसूचक
तपासणी दुसऱ्या गटाच्या हाती असते तेव्हा काय होते, हे आपल्या गावी नाही. मी डिफॉल्ट लिहीतच राहणार.

बिटमोडे
डिफॉल्टचे भांडण वेगळ्या धाग्यावर न्यावे. आमच्या मीटरमध्ये ओएसविना (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय) आर्म प्रोसेसरवर चालणारा कोड होता आणि तिथला जीसीसी ईनम लहानात लहान आकारात बसवतो. स्ट्रक्ट (अनेक फील्डांचा एकत्र गठ्ठा) जशीच्या तशी लिनक्स सर्व्हरला जात असे. इकडे ईनम १ बाइट, तिकडे ४, त्यामुळे पुढची बाइटची फील्डे सरकली आणि ग्राहकांना भलतीच रीडिंग गेली. दोन्हीकडे इशारा शून्य.

अर्धविराम
स्ट्रक्ट तशीच तारेवर टाकणाऱ्याला ईनमने काय करावे? तरीही आकाराचा मुद्दा मान्य करतो, नाइलाजाने. सी२३ या सीच्या नव्या प्रमाणात कोलन देऊन मूळ प्रकार ठरवता येतो.

बिटमोडे
आभारी आहे. आमच्या मीटरचा कंपायलर अजून सी९९ या जुन्या प्रमाणावर आहे, तेव्हा ही सोय माझ्या निवृत्तीनंतर उपयोगी पडेल. आणि तो कोलन दिला, तरी ४२ आत शिरतोच.