शनिवारच्या गेट-टुगेदरला मुलं न्यायची का?

ए 304 (सांस्कृतिक समिती): नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारचं आपल्या सोसायटीचं गेट-टुगेदर यंदा बालेवाडी हाय स्ट्रीटवरच्या एका ब्रुअरीत करावं असं समितीत ठरतंय. रात्री 8 पासून. वरचा अर्धा मजला आपल्याला मिळेल, बुफे, व्हेज-नॉनव्हेजचे काउंटर वेगळे. ड्रिंक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. मुलांसाठी कोपऱ्यात प्ले एरिया आहे. 6 वर्षांखाली फ्री, 6 ते 12 अर्धे पैसे. उद्या रात्रीपर्यंत आकडे कळवा, ॲडव्हान्स भरायचा आहे.

सी 503: आम्ही 2. मी आणि मुलगी.

बी 204: 2 मोठे, 1 लहान.

ए 701: जिथे बिअर बनवतात तिथेच ना? लहान मुलांना घेऊन? मला हे अजिबात पटलेलं नाही. कोजागरी, गणपती, हळदीकुंकू, सगळं आपण गच्चीवर नाहीतर हॉलमध्ये करत आलो. मुलांच्या देखत बाटल्या कधी आल्या नाहीत. आम्ही येणार नाही आणि नातवंडांनाही पाठवणार नाही.

बी 204: काकू, राग मानू नका, पण दुसरी बाजूही सांगतो. मी कामासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला होतो. तिथे रविवारी दुपारी पबमध्ये आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं कुटुंब जेवायला येतं. मुलांना रंगवायला कागद देतात, उंच खुर्च्या असतात. आजोबा एक ग्लास घेऊन दोन तास गप्पा मारतात. मुलं ते बघतच मोठी होतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. आपण लपवतो, कुजबुजतो, म्हणून मुलांना कुतूहल वाटतं. सोळा-सतरा वर्षांची झाली की मग चोरून पितात.

ए 701: तिकडचं तिकडे.

बी 601: काकूंनी दोन शब्दांत सांगितलं, पण त्यात तथ्य आहे. तिकडच्या पबमध्ये दुपारी उजेड असतो, शेजारी ओळखीचे असतात, जेवण मुख्य असतं. आणि नियमही कडक आहेत. मुख्यतः पिण्यासाठीच असलेल्या जागेत 16 वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाशिवाय चालत नाही. 18 पूर्ण झाल्याशिवाय दारू विकत घेता येत नाही. दिसायला पंचविशीच्या आतला वाटला तरी ओळखपत्र मागायची तिथे पद्धत आहे. हाय स्ट्रीटवर शनिवारी रात्री 9 वाजता जाऊन बघा. डीजेचा आवाज छातीत बसतो, समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं, दिवे मंद. पुण्यातला शनिवार रात्रीचा पब आणि लीड्सचं रविवारचं जेवण यांची तुलनाच होत नाही.

बी 204: ताई, आवाजाचं मान्य. पण म्हणून ‘मुलं आणूच नका’ हा टोकाचा निर्णय नाही का? बायकोला आणि मलाही वर्षातून एकदा शेजाऱ्यांबरोबर निवांत बसावंसं वाटतं.

सी 503: मलाही हेच म्हणायचंय. मी एकटी आहे, मुलगी 7 वर्षांची. मुलं नकोत असं ठरलं की माझा प्रश्नच संपला, मी घरी. बाकी घरांतही बघा, ‘मुलांना सांभाळायला कोणीतरी थांबा’ म्हटलं की कोण थांबतं? बाबा जातात आणि आई थांबते. मुलांवर बंदी घातली की ती आयांवरच येते. संस्काराच्या गोष्टी करताना हेही लक्षात घ्या.

ए 402: सी 503 शी 100 टक्के सहमत.

सी 102: नमस्कार. मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली, त्यामुळे नियमाचं थोडं सांगतो. महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं. स्ट्राँग बिअर, व्हिस्की, रम, वोडका या सगळ्याला 25. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशी मद्याचा एक दिवसाचा 5 रुपयांना, वर्षाचा 100 रुपयांना, आजीवन 1000 रुपयांना मिळतो. बारमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना हे माहीतसुद्धा नसतं.

हॉटेलला लायसन्स देताना जागेचा नकाशा मंजूर होतो आणि दारू कुठे द्यायची ती जागा नकाशात दाखवलेली असते. म्हणून जुन्या हॉटेलांत परमिट रूम एकीकडे आणि फॅमिली हॉल दुसरीकडे असायचा, मध्ये भिंत आणि दार. आजही हायवेवरच्या गार्डन हॉटेलांत ही व्यवस्था दिसेल. मुलं हॉलमध्ये डोसा खायची, ज्यांना घ्यायची ते आत जाऊन यायचे. आता रूफटॉप आणि ब्रुअरी आल्या. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 मध्ये आपल्या पुण्यातच निघाली. तिथे टाक्या, काउंटर, डीजे, जेवणाचं टेबल आणि मुलांचा कोपरा, सगळं एकाच छताखाली. दार काढून टाकलं, म्हणून हा वाद आता घराघरात आला आहे.

बी 204: काका, मग मुलांना आत न्यायचं की नाही, कायदा काय म्हणतो?

सी 102: दारावर ‘21 वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही’ अशी पाटी असेल तर वाद घालायचा नाही. पण मुलाच्या हातात ग्लास देण्याबद्दल कायदा फार स्पष्ट आहे, तो सगळ्यांनी नीट वाचा. बाल न्याय कायदा 2015, कलम 77. डॉक्टरने सांगितल्याशिवाय 18 वर्षांखालच्या मुलाला जो कोणी दारू देईल किंवा द्यायला लावेल त्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. ‘जो कोणी’ म्हणजे नुसता वेटर नाही. ‘घे रे एक घोट, बघ कशी लागते’ म्हणणारे काका-मामाही त्यात आले. लग्नाच्या आदल्या रात्री असं करणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यात मजा आहे असं मला कधी वाटलं नाही.

सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी 10 ते 1 बी विंगची वरची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

बी 601: मी जरा सविस्तर लिहिते, कारण मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि सोळा ते अठराची मुलं रोज माझ्यासमोर असतात.

आपण इथे सहा-सात वर्षांच्या मुलांबद्दल भांडतोय. त्यांच्याबरोबर निदान आई-बाप असतात. बारावीच्या मुलाबरोबर कोणी नसतं. त्याचा वाढदिवस आता घरी होत नाही, ‘कुठेतरी बसायला जाऊ’ असं ठरतं. दाढी आलेली असते, उंची असते, हातात वडिलांचं कार्ड असतं. दारावरचा माणूस कपडे आणि गाडी बघतो, वय बघत नाही.

19 मे 2024 ची पहाट पुण्यातला कोणी विसरलेला नाही. 17 वर्षांचा मुलगा, बारावीचा निकाल साजरा करायला निघालेला, त्या रात्री दोन ठिकाणी गेला. त्यातल्या एका ठिकाणचं बिल 48 हजार रुपये झालं असं पोलीस आयुक्तांनी सांगितलं होतं. मग पहाटे कल्याणीनगरला त्याच्या हातातली ती पोर्शे गाडी आणि तिच्या धडकेत सापडलेले, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण इंजिनिअर. एक मुलगा, एक मुलगी. दोघेही गेले. नंतर सगळा देश बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या त्या 300 शब्दांच्या निबंधाबद्दल बोलला, आणि बोलायलाच हवं होतं. मला मात्र त्याआधीचे तास छळतात. कोणीतरी त्यांना टेबल दिलं. कोणीतरी ऑर्डर घेतली. कोणीतरी बिल आणून दिलं. ‘बाळा, तुझं वय किती?’ असं विचारून एकानेही थांबवलं असतं तर ती दोन मुलं आज ऑफिसला गेली असती. पुढे मालक-मॅनेजरवर गुन्हे दाखल झाले, ठिकाणं सील झाली. जे व्हायचं ते होऊन गेल्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं. सहा वर्षांच्या मुलाने बिअरचा ग्लास बघितला तर तो बिघडतो असं मला वाटत नाही. पण त्या मुलाला तिथून उठून घरी जाता येत नाही, हे विसरू नका. मोठ्यांना कंटाळा आला तर ते निघतात. मूल दहा वाजता खुर्चीवर मोबाइल घेऊन पेंगत बसतं, कारण बाबांचा ‘लास्ट राउंड’ चाललेला असतो. त्याला बरं नसेल, शू लागली असेल, कोणी अनोळखी माणूस येऊन गाल ओढत असेल, तर धावून जाणारं माणूस पूर्ण शुद्धीत असलं पाहिजे. आणि घरी नेणारी गाडी चालवणारं माणूस तर नक्कीच. ज्या घरातलं मूल येणार, त्या घरातल्या एका मोठ्या माणसाने त्या रात्री थेंबभरही घ्यायची नाही. हे जमणार असेल तर जागा कुठलीही असो, माझी हरकत कमी होते. जमणार नसेल तर प्ले एरिया कितीही सुंदर असू दे, मुलांना नेऊ नका.

ए 402: ताई, मी हे ग्रुपवर कधी लिहिलं नव्हतं. माझे वडील प्यायचे. आम्हा भावंडांना बाटलीची भीती वाटायची नाही. बाहेर जेवायला गेलो की परत कसं जायचं याची वाटायची. आई मागच्या सीटवर आम्हाला घट्ट धरून बसायची. तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे.

ए 701: बाळा, हे वाचून वाईट वाटलं.

बी 204: ताई, एक घर-एक माणूस हा नियम मला मान्य आहे. आमच्या घरातून मी घेणार नाही, इथेच लिहून ठेवतो. पण दोन पेग घेऊनही मी व्यवस्थित चालवतो असं म्हणणारे आपल्याच पार्किंगमध्ये आहेत, त्यांचं काय?

सी 102: रक्तात अल्कोहोल 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायदा, कलम 185. पहिल्या वेळी 10 हजार रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाताळ ते 31 डिसेंबर नाकाबंदी असतेच. पण दंडाचं सोडा. मागे मूल बसलेलं असताना ‘व्यवस्थित चालवतो’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

बी 503: सगळं बरोबर आहे, पण इतके नियम लावले तर पार्टीची मजा काय राहणार? वर्षातून एक दिवस आहे. ज्यांना मुलं नाहीत त्यांचाही विचार करा. आम्हाला लहान मुलांच्या रडण्यात बसायचं नाही, हे कोणी म्हणायचं की नाही?

बी 601: जरूर म्हणा. मोठ्यांना मोठ्यांपुरती जागा असावी यात काहीच चूक नाही, उलट मुलांनाही ते बरं. फक्त ती पार्टी मग सोसायटीच्या नावाने आणि सोसायटीच्या फंडातून नको. ज्यांना जायचं त्यांनी वेगळं ठरवून जावं. सोसायटीचं गेट-टुगेदर म्हणजे ए 701 च्या काकूंपासून सी 503 च्या मुलीपर्यंत सगळ्यांचं. त्यातून एकाला जरी घरी बसावं लागलं तर आपली जागा चुकली.

सी 503: थँक यू ताई. मला एवढंच हवं होतं.

ए 304 (सांस्कृतिक समिती): सगळ्यांचं वाचलं. आत्ताच ब्रुअरीच्या मॅनेजरला फोन केला आणि तीन गोष्टी विचारल्या. आवाज कमी ठेवाल का: 9 नंतर नाही जमणार. प्ले एरियात तुमचं कोणी माणूस असतं का: नाही, पालकांनी बघायचं. आमच्या ग्रुपमध्ये कॉलेजची मुलं असतील, ओळखपत्र बघूनच द्याल का: ‘सर, तुमच्याच टेबलवर आहेत तर आम्ही कसं विचारणार?’ हे तिसरं उत्तर मला आवडलं नाही.

सी 102: विचारलंच पाहिजे त्यांनी. टेबल कोणाचंही असो.

बी 204: मग ब्रुअरी कॅन्सल करा. मीच जास्त बाजू घेत होतो, पण मुलाला आवाजात कोपऱ्यात सोडून मी तरी निवांत कसा बसणार?

ए 304 (सांस्कृतिक समिती): दुसरा पर्याय: सूस रोडच्या बाजूला एक गार्डन रेस्टॉरंट आहे. लॉन, झोपाळे, फॅमिलीची बाजू वेगळी, परमिट रूम मागे आणि दार वेगळं. लॉनवर दारू देत नाहीत. संध्याकाळी 6.30 ते 9.30. पिठलं-भाकरी, मिसळ, पनीर, चिकन सगळं मिळतं. दर ब्रुअरीपेक्षा कमी. ज्यांना मागे जाऊन यायचं ते जातील, पण लॉनवर ग्लास येणार नाही. पोल टाकतो.

बी 503: मी ब्रुअरीलाच मत देणार, पण बहुमत झालं तर येईन.

ए 304 (सांस्कृतिक समिती): पोल बंद. गार्डन रेस्टॉरंट 41, ब्रुअरी 9. आता नावं नव्याने द्या, आणि ज्या घरातून मूल येतंय त्यांनी न घेणाऱ्या माणसासमोर टिक करा. यादी उद्या टाकतो. सोळा ते वीस वयाच्या मुलांच्या आई-वडिलांनी मुलांशी घरी बोलून घ्या. परमिट रूमच्या दाराशी मी आणि सी 102 काका दोघे लक्ष ठेवू.

ए 701: मी येणार नाही, माझं मत तेच आहे. नातवंडं मात्र येतील, त्यांना लॉनवर खेळायला आवडेल. नऊच्या आत कोणीतरी घरी आणून सोडा.

बी 204: काकू, मी आणतो. माझ्या गाडीत मागे तीन जागा आहेत, एक आमच्या पिल्लाची. पावणेनऊला निघू.

सी 503: आम्ही 2. आणि मी घेतच नाही, तेव्हा माझ्यासमोर आत्ताच टिक करा.