पोट्ट्यांना भागाकार येत नाही, अन् म्हणे सगळ्या विषयांत हवामान बदल!

गणिताचे_मास्तर: काल इथं एकानं लिहिलं, 'आठवीच्या पोट्ट्यांना भागाकार जमत नाही, तिथं भूगोलात, विज्ञानात, मराठीत, गणितातही हवामान बदल अन् ऊर्जाबचत घुसवून काय मिळणार?' डोक्यातून जातच नव्हतं म्हणून लिहून राहिलो. भाऊ, भागाकार जमत नाही कारण आपण अजून हौद अन् दोन नळांतच अडकलो आहोत. मी वर्गात घरची लाइटबिलं आणायला लावली. जुना पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा २८, रोज १५ तास चालला तर महिन्याला किती वाचले? २१ युनिट! मागच्या बाकावरच्यानं सगळ्यात आधी काढलं, त्याच्या घरी बिलावरून दर महिन्याला भांडण होते ना. मग एका युनिटमागं कोराडीच्या वीज केंद्रात अर्ध्या किलोच्या वर कोळसा जळते हे सांगितलं, तर राखेचा विषय पोट्ट्यांनीच काढला. यात वेगळा तास कुठं लागला?

भागाकार_आधी: ते लिहिणारा मीच. ज्याच्या घरी तीन एसी त्याचं बिल, अन् जो घरमालकाच्या मीटरवर राहते त्याचा कोरा हात, दोन्ही एकाच वर्गात? त्या पोराला काय वाटलं असेल, विचारलं का? शिवाय मास्तरांच्या मागं इलेक्शन ड्युटी आहे, खिचडीचा हिशेब आहे, आता हेही!

धंतोलीची_आई: मला तर शाळेच्या प्रकल्पांचाच राग आहे. पर्यावरण शिकवा म्हणून सुप्रीम कोर्टानं १९९१ लाच सांगितलं, नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आला, अन् घरी काय? रात्री अकराला मी थर्माकोल कापून पवनचक्की करून राहिली. थर्माकोलची! श्रेणी मात्र 'अ', माझी.

कूलर_मानेवाडा: एसीचं निघालं म्हणून बोलतो. नागपूरकराले एसी पाहिजेच कायले? मोटर-पंप धरून कूलर दोन-अडीचशे वॅट, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या घरात. मेअखेरच्या नवतप्यात कूलरच्या वाळ्याच्या (खसच्या) ताटीसमोर झोपून पाहा.

भागाकार_आधी: अन् पाऊस सुरू झाला की? तुमचा कूलर तेव्हा फक्त गाद्या ओल्या करते. माझ्या वडिलांना दमा आहे, जुलैत काय ताटी हुंगवू त्यांना?

कूलर_मानेवाडा: जुलैत पंप बंद करा ना बाप्पा, नुसता पंखा चालू द्या! आमच्या घरी चाळीस वर्षं तेच चालू आहे.

धंतोलीची_आई: अन् टंकीतले डास? गल्लीत दोघांना डेंग्यू झाला, टंकी कोणाची होती ते माहीत आहे आम्हाला.

कूलर_मानेवाडा: आठवड्यातून एकदा टंकी सुकवा, घासा. आळशी माणसाचा दोष कूलरवर कायले टाकता!

गणिताचे_मास्तर: हवा कोरडी तेव्हा पाणी भराभर उडते, उडताना हवेतली उष्णता घेते म्हणून गार. दमट हवेत फारसं उडतच नाही. हेच विज्ञानाच्या तासाला...

भागाकार_आधी: घ्या, लागला मास्तरांचा तास! बरं, पंख्याचं गणित चांगलं आहे, मान्य. पण बिल शाळेचं आणा, पोरांच्या घरचं नको.

गणिताचे_मास्तर: ते चुकलंच माझं. उद्या हेडमास्तरांकडं शाळेचं मागतो. देतील की नाही, पाहू. आमच्या ऑफिसातला एसी जानेवारीतही चालू असते.

कूलर_मानेवाडा: ते सगळं ठीक, पण खसच्या ताट्या यंदा स्वस्त कुठं मिळून राहिल्या? ताटीऐवजी कागदी जाळीचे हनीकॉम्ब पॅड लावणाऱ्यांनी कृपया बोलू नये.