फूल आलं की रोझेट मरणारच
एका ताईंनी विचारलंय की सेम्परव्हिवमला (जाड, पाणीदार पानांचं छोटं झाड) एवढा सुंदर गुलाबी तुरा आला आणि आता ते रोझेट, म्हणजे गुलाबासारखा पानांचा गुच्छ, सुकत चाललंय, पाणी जास्त झालं का. नाही हो, त्याचं असंच असतं, केळीसारखं, एकदा व्याली की संपली, पुढे बाजूची पिल्लं. तुरा वाळला की ओढून काढा, खड्डा बुजवा, बास.

मी म्युनिकजवळ राहते, पहिल्या हिवाळ्यात पुण्याच्या सवयीने कीव येऊन कुंड्या आत आणल्या आणि हीटरशेजारी ठेवल्या, तर सगळी फिकट आणि लांबुडकी झाली! अहो आल्प्सच्या खडकातलं झाड ते, उणे २० ला बर्फाखाली मजेत असतं. थंडीने मरत नाही, मुळाशी पाणी साचलं की कुजतं. अर्धी माती अर्धी बारीक खडी, पसरट भोकवाली कुंडी, भरपूर ऊन, खत जवळजवळ नाहीच. ते कोळीकिड्याच्या जाळ्यासारखे धागेवालं, अराक्नॉइडियम जातीचं असेल तर मात्र हिवाळ्यातल्या पावसात वळचणीखाली सरकवा, धाग्यांत ओल धरून बसते.

इकडे जुन्या छपरांवर पण लावायचे, वीज पडत नाही म्हणे. इ.स. ८०० च्या सुमाराच्या फ्रँक राजा शार्लमेनच्या फर्मानात तर माळ्याने घरावर हे लावावं असंच लिहिलंय.

आणि पुण्यात लावू का विचारणाऱ्यांना, उगाच पैसे घालवू नका, उन्हाळा काढलाच तरी पावसाळ्यात जाईल. दिसायला तसंच हवं असेल तर एचेव्हेरिया (अशाच जाड पानांच्या गुच्छाचं दुसरं झाड) घ्या, तीही पावसाआड ठेवून.