पीएस२ एवढा खपला, तरी ऑनलाइनची बाजी एक्सबॉक्सने कशी मारली?

खेळगडी:
सोनीचा पीएस२ (प्लेस्टेशन २) हा कन्सोल १५ कोटींच्या वर खपला, मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स जेमतेम २.४ कोटींच्या आसपास. दोघांची ऑनलाइन सोय अमेरिकेत २००२ मध्येच आली: सोनीचा नेटवर्क अडॅप्टर ऑगस्टमध्ये, एक्सबॉक्स लाइव्ह १५ नोव्हेंबरला. सोनीकडे खेळणं बहुतांशी फुकट, मायक्रोसॉफ्टकडे वर्गणी. तरी आज सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिन्ही कंपन्यांच्या सेवा एक्सबॉक्स लाइव्हच्याच वळणावर गेलेल्या दिसतात. हे जाहिरातीचं यश, की रचनेतच फरक होता? आणि त्या जुन्या निर्णयांचा आज कन्सोल जोडताना काही संबंध उरलाय का?

तारजोड:
फरक रचनेत होता. सोनीने जोडणीचं साधन विकलं आणि पुढचं सगळं खेळ काढणाऱ्या कंपन्यांवर सोडलं. मायक्रोसॉफ्टने खातं, मित्रयादी, खेळतानाचं बोलणं आणि सामन्यासाठी खेळाडूंच्या जोड्या लावणं स्वतःच्या हातात ठेवलं.

पीएस२ वर काय काय करावं लागायचं ते बघा. ३९.९९ डॉलरचा अडॅप्टर वेगळा घ्यायचा, मागच्या खाचेत बसवून त्याचे दोन स्क्रू आवळायचे. त्यावर इथरनेट आणि ५६के मोडेम दोन्ही होते. मग सोबतच्या डिस्कवरून नेटवर्क सेटिंग बनवून मेमरी कार्डवर साठवायची. ही फाइल त्या कन्सोलशी बांधलेली. कार्ड दुसऱ्या पीएस२ मध्ये घातलं की चालायची नाही, नव्याने बनवावी लागायची. त्यानंतर डीएनएएस या सोनीच्या ऑनलाइन प्रणालीची ओळखतपासणी. पण या सगळ्यात खेळाडूची अशी एक ओळख कुठेच नव्हती. प्रत्येक खेळाचं नाव-पासवर्ड वेगळं, मित्रयादी वेगळी, सर्व्हर वेगळा, राउटरवर उघडायचे पोर्ट (जोडणीची क्रमांक दिलेली दारं) सुद्धा वेगळे. 'सोकॉम' या खेळासोबत हेडसेट मिळायचा, पण त्यावरचं बोलणं त्या खेळापुरतंच.

एक्सबॉक्समध्ये इथरनेट पोर्ट आणि ८ जीबीची हार्ड डिस्क मुळातच होती. ४९.९९ डॉलरच्या किटमध्ये वर्षाची वर्गणी आणि हेडसेट. मोडेम मुद्दाम दिला नाही, आणि मला हा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो, कारण तेव्हा बहुतेक घरांत डायल-अपच होतं. (सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलने त्याआधीच मोडेम आत बसवून दिला होता, त्याच्या मर्यादा सगळ्यांना दिसल्या होत्या.) ब्रॉडबँडची अट घातल्यामुळे खेळ बनवणाऱ्याला एक गोष्ट पक्की धरता आली: समोरच्याकडे पुरेसा वेग आहे, गेमरटॅग (लाइव्हवरचं खेळाडूचं नाव) आहे आणि बहुधा हेडसेटही आहे. सगळ्या खेळांची वाहतूक यूडीपी ३०७४ या पोर्टवरून, लॉगिन यूडीपी ८८ वरून. राउटर एकदा नीट लावला की पुढच्या खेळासाठी त्याला हात लावायची गरज नाही. तुम्ही एका खेळात असताना दुसऱ्या खेळातल्या मित्राचं आमंत्रण यायचं. पीएस२ वर त्या दोन खेळांना एकमेकांचा पत्ताच नसायचा.

सर्व्हरवाला:
याची दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळ काढणाऱ्या ईए कंपनीला मायक्रोसॉफ्टची ही मक्तेदारी मान्य नव्हती. आपले खेळाडू आणि आपले सर्व्हर तिला स्वतःकडे हवे होते. म्हणून तिचा 'मॅडन' हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ २००२ पासून पीएस२ वर ऑनलाइन होता, आणि एक्सबॉक्स लाइव्हवर यायला मे २००४ मधला समझोता व्हावा लागला. त्यातही ईएने सर्व्हर आपल्याकडेच ठेवले.

एककेंद्री सेवेचा तोटा १५ एप्रिल २०१० ला दिसला. पहिल्या एक्सबॉक्सचं लाइव्ह बंद झालं आणि सगळे खेळ एका फटक्यात गेले. 'हेलो २' ची गोष्ट इथे फार बोलकी आहे. त्यात जोड्या लावायचं काम लाइव्ह करायचं, पण प्रत्यक्ष सामना खेळाडूंपैकीच एकाच्या कन्सोलवर चालायचा. त्यामुळे ज्यांनी कन्सोल बंदच केला नाही असे मूठभर खेळाडू मे महिन्यापर्यंत खेळत राहिले. जोडणी तुटली की परत आत येणं मात्र अशक्य.

निन्टेन्डोने २००५ मध्ये वाय-फाय कनेक्शन आणलं, त्यात प्रत्येक खेळासाठी १२ आकडी फ्रेंड कोड. मागची यंत्रणा गेमस्पाय या दुसऱ्या कंपनीची, म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या हातात. २० मे २०१४ ला डीएस आणि वी, निन्टेन्डोच्या या दोन्ही यंत्रांची सेवा बंद झाली.

हिशेबी:
वर्गणीबद्दल थोडं. पीएस३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ मध्ये पीएस४ पासून प्लस (प्लेस्टेशनची वर्गणी) लागायला लागलं. निन्टेन्डोच्या स्विचवर सप्टेंबर २०१८ पासून पैसे. पण फुकट मिळणाऱ्या 'फोर्टनाइट'सारख्या खेळांना प्लस लागत नाही, आणि एक्सबॉक्सनेही एप्रिल २०२१ मध्ये अशा खेळांवरची अट काढली. तेवढंच खेळत असाल तर वर्गणी भरूच नका.

सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) कुठे राहतात तेही बघून घ्या. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट आहे, प्लेस्टेशन आणि स्विचवर ते वर्गणीत धरलंय. स्विचची वर्गणी संपल्यावर सेव्ह १८० दिवस जपले जातात, आणि 'स्प्लाटून २' सारख्या काही खेळांना ती सोय मुळातच नाही.

खेळगडी:
आभार, चित्र स्पष्ट झालं. आता पोर्टचं: एकाच राउटरवर दोन एक्सबॉक्स आहेत. एकावर नॅट (बाहेरची जोडणी राउटर किती मोकळेपणाने आत घेतो त्याचा प्रकार) ओपन, दुसऱ्यावर नेहमी मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट. हा त्या ३०७४ चाच प्रकार का?

तारजोड:
हो, बहुतेक तोच. दोन्ही कन्सोल ३०७४ मागतात, राउटर तो एकालाच देतो. दुसऱ्या कन्सोलवर नेटवर्क सेटिंग्जमधल्या प्रगत सेटिंग्जमध्ये पर्यायी पोर्ट निवडायची सोय आहे; तिथे आपोआपऐवजी यादीतला दुसरा पोर्ट द्या. राउटरवर यूपीएनपी (कन्सोलने मागितलेला पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू ठेवा आणि आधी हाताने केलेलं ३०७४ चं पोर्ट फॉरवर्डिंग (तो पोर्ट एका ठरावीक कन्सोलकडे वळवणं) काढून टाका. दोन्ही एकत्र ठेवले की एकाच पोर्टवर दोन दावेदार होतात. मग दोन्ही कन्सोल पूर्ण बंद करा (स्लीपमध्ये टाकणं पुरत नाही), राउटर पुन्हा सुरू करा, आणि कन्सोल एकेक करून चालू करून नॅटची चाचणी घ्या.

तरी स्ट्रिक्टच आलं तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा पुढे आणखी एक राउटर बसलाय. त्यातल्या एकाला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देईल. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सेवादात्याने अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता ठेवलाय. तिथे तुमच्या राउटरवरचं फॉरवर्डिंग काहीच करू शकत नाही, सार्वजनिक आयपी मागून घ्यावा लागतो.

प्लेस्टेशनवर हेच टाइप १, २, ३ म्हणून दिसतं आणि स्विचवर ए पासून एफ पर्यंत. टाइप २ किंवा बी आलं की पुरे. टाइप ३ (म्हणजे स्ट्रिक्ट) वाले दोघं एकमेकांशी जोडायला गेले की आवाज जातो किंवा सामनाच लागत नाही, कारण बाहेरून आलेली जोडणी दोघांपैकी कोणाचाच राउटर आत घेत नाही.