मोठ्या अनुदानित हायस्कूलबद्दल एवढी उलटसुलट मतं का? (पाचवी प्रवेश, नाशिक)

इंदिरानगर_पालक

नमस्कार. मुलगी चौथीत आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. सीबीएस-शालिमार भागातल्या एका जुन्या मराठी हायस्कूलचा विचार चालू आहे. अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेला आठ-नऊ तुकड्या, सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं. नाव मुद्दाम देत नाही. अशा शाळा शहरात बऱ्याच आहेत आणि प्रश्न सगळ्यांनाच लागू आहे.

आजी-माजी विद्यार्थी आणि पालक यांची मिळतील तेवढी मतं वाचली, आणि गोंधळ वाढला. एक म्हणतो शिक्षक जीव तोडून शिकवतात, दुसरा म्हणतो वर्षभर वही तपासली नाही. शाळा तीच, वर्षही तेच. मुलं मैदान आणि स्नेहसंमेलनाबद्दल भरभरून बोलतात. पालक गर्दी आणि स्वच्छतागृहावर बोट ठेवतात. फाटकावर निकालाचा भला मोठा फलक आहेच.

यातलं कोणतं मत धरायचं? शाळेत जाऊन नेमकं काय विचारायचं? आणि सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) घ्यावं का?

खडू_फळा

चार हजार मुलांच्या शाळेबद्दल एक मत असूच शकत नाही. लोक शाळेबद्दल बोलतात असं वाटतं, प्रत्यक्षात ते एका तुकडीबद्दल बोलत असतात. म्हणून प्रत्येक मतापुढे तीन प्रश्न टाका: कोणती तुकडी, कोणतं अधिवेशन, कोणतं वर्ष? उत्तर मिळत नसेल तर ते मत बाजूला ठेवा, मग ते कौतुकाचं असो की शिव्याशापांचं.

वहीची तक्रार घ्या. गणिताच्या शिक्षकाकडे पाच तुकड्या आणि प्रत्येकीत ६५ मुलं असतील तर ३२५ वह्या झाल्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी सोळा तास. हे काम दर आठवड्याला होणं शक्य नाही, शिक्षक कितीही चांगला असो. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवी ३५ मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. पण ते शाळेतल्या एकूण शिक्षकांवर काढलं जातं, तुमच्या वर्गातल्या बाकांवर नाही. म्हणून सरासरी विचारू नका. ‘पाचवी ब च्या हजेरीपटावर आज किती नावं आहेत?’ असं विचारा.

दुसरी गोष्ट पालक सहसा विचारतच नाहीत. एकाच इमारतीत, एकाच गणवेशात काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित असतात. नंतर वाढवलेल्या सेमीच्या तुकड्या बहुतेक वेळा दुसऱ्या गटात सापडतात. अनुदानित तुकडीच्या शिक्षकाचा पगार शासनाकडून येतो. विनाअनुदानित तुकडीवर संस्थेच्या मानधनावरचा किंवा तासिका तत्त्वावरचा शिक्षक असतो. त्याला बरी नोकरी मिळाली की तो दिवाळीनंतर दिसत नाही. ‘तीन वर्षांत चार विज्ञान शिक्षक बदलले’ ही तक्रार जवळपास नेहमी अशाच तुकडीतून येते. फीचा फरकही तिथूनच. अनुदानित तुकडीत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत आणि पोषण आहार मिळतो. प्रवेश अर्जावर तुकडीचा प्रकार लिहिलेला नसेल तर कार्यालयात विचारून घ्या. तोंडी नको, पावतीवर बघा.

आता फलक. ९८ टक्के म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी ९८. बसले किती, हे फलक सांगत नाही. समजा, गेल्या वर्षी नववीत ६४० मुलं होती आणि यंदा दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून ५५० बसली. मधली ९० कुठे गेली? काही बदलीमुळे गेली, काही नववीत नापास झाली, काहींनी शाळाच सोडली. पण काहींना ‘तुला झेपणार नाही, १७ नंबरचा फॉर्म भर’ असं सांगून बाहेरून बसवलं जातं. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा लागतो, तो फलकावर येत नाही. थोडी गळती सगळीकडे असते. दरवर्षी दहा-पंधरा टक्के असेल तर मात्र फलकाकडे पाठ फिरवा.

आकडे घरबसल्या मिळतात. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी कोड टाका (नाशिक जिल्ह्याचे कोड २७२० ने सुरू होतात), इयत्तावार पटसंख्या आणि शिक्षकसंख्या दिसते. एका वर्षाची नववी आणि पुढच्या वर्षाची दहावी शेजारी ठेवा. नंतर शाळेत निकालपत्रक मागा आणि त्यातले दोनच रकाने बघा: विशेष प्रावीण्य किती आणि नुसते उत्तीर्ण किती. मोठ्या शाळेचा खरा चेहरा दुसऱ्या रकान्यात दिसतो. हुशार मुलं कुठेही तरतात.

दहावी_सेमी_क

मुलांच्या बाजूने सांगतो. ताई, ‘शाळा भारी आहे’ असं कोणी म्हटलं तर तो कशात होता ते विचारा. मैदान, एनसीसी, स्काउट, वक्तृत्व, चित्रकला, नाटक, मोठ्या शाळेत सगळं असतं. पण जागा ठराविक असतात. सूचना परिपाठाला एकदा वाचतात नाहीतर फलकावर लावतात. ज्याने वेळेत नाव दिलं त्याला शाळा भारी वाटते, बाकीच्यांना गर्दी आठवते. लाजरं मूल असेल तर पहिल्या महिन्यात वर्गशिक्षकांना भेटून एका तरी गोष्टीत नाव घालून द्या.

चित्रकलेचा फायदा थेट दहावीच्या गुणांत होतो. शासकीय चित्रकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर ७ गुण, बी ला ५, सी ला ३. आधी एलिमेंटरी द्यावी लागते, म्हणजे सातवी-आठवीतच सुरुवात हवी. गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. प्रमाणपत्राची प्रत वेळेत दिली नाही तर गुण जातात, नंतर कोणी ऐकत नाही.

आठवीत भाषा निवडायची असते: पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत किंवा ५०-५० संयुक्त. वेळापत्रकाच्या सोयीसाठी पूर्ण संस्कृतवाले बहुतेक एकाच तुकडीत टाकतात, आणि तीच आपोआप ‘हुशार तुकडी’ होते. अनुभवी शिक्षकही तिकडेच. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, पण होतं हेच. ज्या मतांमध्ये अतोनात कौतुक असतं ती बरीचशी या तुकडीची असतात.

प्रयोगशाळा आहे का, हे विचारू नका. असतेच. नववीच्या दोन-तीन मुलांना प्रयोगवही दाखवायला सांगा. सगळ्या मुलांच्या वहीत निरीक्षणाचे आकडे शंभर टक्के सारखे असतील तर प्रयोग फळ्यावर झालेत. दहावीला विज्ञानाचे २० गुण अंतर्गत असतात आणि ते सगळ्यांना मिळतात, त्यामुळे गुणपत्रिकेवरून हे कधीच कळत नाही.

रविवार_कारंजा

वरच्या दोघांशी सहमत, फक्त ‘नुसते उत्तीर्ण’वाल्या रकान्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. अनुदानित शाळा वस्तीतल्या सगळ्या मुलांना घेते. पाचवी ते आठवीला प्रवेश परीक्षा किंवा मुलाखत घेणं कायद्याने बंद आहे, आणि अशी शाळा ते पाळते तेव्हाच तो रकाना मोठा दिसतो. गाळून मुलं घेणाऱ्या शाळेशी तिची तुलना करू नका, तिचेच चार वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. देणगी मागितली तर पावती मागा. पावती द्यायला कां-कू झाली की उत्तर मिळालं.

आता कार्यालयाची बाजू. मोठ्या शाळेत सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो आणि मतांमध्ये याचा उल्लेख नसतो. जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीतली) नोंद प्रवेशाच्या दिवशीच डोळ्यांनी बघा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग. एका दिवसात दोनशे नोंदी लिहिल्या जातात, वेलांटी चुकते, ‘ee’ चा ‘i’ होतो. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती अर्ज आणि पुराव्यावर होते. दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती मंडळापर्यंत जाते. दहावीचा अर्ज भरल्यावर मंडळाची प्री-लिस्ट (भरलेली माहिती तपासायची यादी) सहीसाठी येते, ती मुलांकडून घाईत सही करून घेतात. तेव्हा स्वतः जा.

आधीच्या शाळेने सरल प्रणालीत (विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) मुलीचं नाव सोडलं की नाही हेही बघा. दाखला हातात आणि नाव जुन्या शाळेतच, असं फार होतं. मग नवीन शाळेच्या पटावर आधार जुळत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर थेट मुख्याध्यापकांच्या दालनात जाऊ नका, परत पाठवतात. वर्गशिक्षक, मग त्या इयत्तेचे पर्यवेक्षक, मग उपमुख्याध्यापक असा क्रम असतो. पर्यवेक्षकांच्या पातळीवर बहुतेक गोष्टी सुटतात. बाक बदलणं, तुकडी बदलणं त्यांच्याच हातात असतं. लेखी अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. मुलीच्या सुरक्षिततेचा विषय असेल तर हा क्रम विसरा: सखी सावित्री समितीचे (शाळेतली मुलांच्या सुरक्षेची समिती) फलकावरचे क्रमांक बघा, सरळ मुख्याध्यापक गाठा, गरज पडली तर चाइल्डलाइन, १०९८.

स्वच्छतागृह दुसऱ्या सुट्टीनंतर बघा, सकाळी नऊला नाही. सकाळी सगळीच धुतलेली असतात. दोन अधिवेशनांच्या मधल्या अर्ध्या तासात सफाई होते का, एवढाच प्रश्न विचारा.

इंदिरानगर_पालक

सर्वांचे आभार. हजेरीपट आणि तुकडीचा प्रकार, दोन्ही उद्याच विचारते. सेमीचं राहिलं. आणि मिस्टरांचं म्हणणं, एवढी यातायात करण्यापेक्षा जवळची विनाअनुदानित शाळा घ्यावी.

खडू_फळा

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. गाडी अडते ती शाब्दिक उदाहरणांवर. बेरीज-गुणाकार येत असतो, पण वाक्य कळत नाही, आणि वर्गात समजावणं मराठीतच चालतं म्हणून ते परीक्षेपर्यंत लक्षात येत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाचं चौथीचं गणित मोफत उतरवून घ्या. पाच शाब्दिक उदाहरणं मुलीला मोठ्याने वाचायला द्या आणि काय विचारलंय ते मराठीत सांगायला लावा. तीन जमली तर सेमी घ्या. एकही जमलं नाही तर आठवीला सेमीत जाता येतं का, ते विचारून ठेवा. काही शाळा तिथे नवीन तुकडी काढतात, काही अजिबात घेत नाहीत.

विनाअनुदानितचं म्हणाल तर एक हिशेब मिस्टरांना दाखवा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची हवी. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षाच देता येत नाही. उत्पन्नात बसत असाल तर हा मुद्दा मोठा आहे, नसाल तर सोडून द्या.

दहावी_सेमी_क

अधिवेशन कोणतं ते आधी विचारा ताई. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत हा २०२४ चा आदेश पाचवीला लागत नाही, त्यामुळे सातची शाळा मिळू शकते. इंदिरानगरहून सातला पोचायचं तर रिक्षावाले काका सव्वासहाला दारात, कारण ते वाटेत आणखी पाच-सहा मुलं घेतात. दुपारचं अधिवेशन असेल तर सुटायची वेळ संध्याकाळची, म्हणजे शालिमारच्या ऐन गर्दीत. सिटीलिंकने (शहर बसने) पाठवणार असाल तर एखाद्या सोमवारी त्याच वेळेला स्वतः बसून बघा. आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत जुन्या नाशकात वाहनं सोडत नाहीत, तेव्हा रिक्षा ठरवताना ते दिवस काकांशी आधीच बोलून घ्या.